पोटाची गोळी मागायला येणारी मुलं

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला माझं मेडिकल आहे. १४ वर्षं झाली. आजूबाजूला कॉलेजं, होस्टेलं, मेस, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक विशीच्या आतबाहेरचं. परीक्षा जवळ आल्याचं मला काउंटरवरच कळतं. ॲसिडिटीच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या भराभर संपतात. मुली हळू आवाजात विचारतात, "ताई, दीड महिना झाला, पाळी आली नाही." कुणी झोपेची गोळी मागतं. ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, रजिस्टरला नाव लिहावं लागतं, म्हटलं की निमूट मागे फिरतात. नियम बरोबरच आहे, पण त्या पाठमोऱ्या पोरांकडे बघून जीव तुटतो.

गेल्या महिन्यात एक मुलगा आला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. हातात घडी घालून घालून फाटायला आलेली चिठ्ठी, त्यावर पॅन्टोप्राझोल, ॲसिडिटीची गोळी. महिन्यात तिसऱ्यांदा. पैसे द्यायला मोबाइल काढला, तर हात इतका थरथरत होता की स्कॅन होईना. दुपारचे तीन वाजले होते. "जेवलास का रे?" म्हटलं.

"मेसला जात नाही ताई. तिथे सगळे विचारतात, एम-थ्री निघाला का."

एम-थ्री म्हणजे त्यांचा गणिताचा विषय. तो दोनदा राहिला होता. घरी मात्र सांगून बसला होता, सगळे निघाले. रोज रात्री नऊला वडिलांचा फोन येतो आणि आठपासूनच याचं पोट दुखायला लागतं.

आता याला गोळी किती पुरणार? ताण आला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, पचन बिघडतं, झोप उडते. चार दिवसांच्या परीक्षेपुरतं शरीर निभावून नेतं. इथे महिनोन्‌महिने सुटका नाही. त्यात रात्री अकराला एनर्जी ड्रिंक. त्यातलं निम्मं कॅफीन पहाटे चारलाही अंगात असतं, मग झोप कुठली यायला?

"आमच्या वेळी नव्हतं असलं टेन्शन," असं लोक म्हणतात, तेव्हा मला राग येतो. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले, १,७६४. हे आकडे वाचून तरी असं बोलू नये.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. या मुलाला विचारलं, तुमच्याकडे कोण आहे? तर म्हणाला, आमच्याच एका मॅडमना ते काम दिलंय. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे पोरगं मन मोकळं करेल? मला हे अजिबात पटत नाही.

मी स्कॅनरशेजारी १४४१६ नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. टेलि-मानस, मानसिक आधाराची हेल्पलाइन. सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. मुलं पैसे भरताना वाचतात, काही गुपचूप फोटो काढतात. यानेही काढला. डॉक्टरांना पुन्हा दाखव, असंही मी त्याला बजावलं.

परवा आला तेव्हा म्हणाला, "दिवाळीला घरी जाईन ना, तेव्हा सांगणार आहे." त्याचं गाव मी लिहीत नाही. पण तुमचं लेकरू या दिवाळीत असं काही सांगायला बसलं, तर त्याला मध्येच तोडू नका. आधी ताट वाढा, आणि त्याचं बोलून होऊ द्या.