जटपुऱ्याचा हत्ती, मोबाईल आणि भाऊंची तक्रार

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सोमवारीच वाचली होती, पण सध्या धानाचे रोवणे सुरू आहेत, दिवसभर बांधीत चिखलात असतो आणि रात्री आल्यावर डोळे मिटतात, म्हणून उत्तराला चार दिवस लागले, राग मानू नका.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रविवारी आम्ही चंद्रपूरच्या जुन्या वास्तूंची मोबाईलवर ऑनलाईन टूर करतो, त्यावरची ती प्रतिक्रिया. भाऊ चंद्रपूरचेच, पठाणपुऱ्याकडं राहतात, दर रविवारी परकोटाच्या, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या तटाच्या बाजूनं पायी फिरतात, आणि २०१७ ला इको-प्रो संस्थेच्या पोरांनी परकोटावरची झाडंझुडपं काढायला घेतली तेव्हा यांनीही तिथं घाम गाळला. त्यांचं म्हणणं असं, की मोबाईलवर किल्ला दाखवणं म्हणजे फोटोतली भाकर, तिनं पोट भरत नाही, शहर पायानं फिरल्याशिवाय कळत नाही, असल्या ऑनलाईन टूरमुळं लोक घरी बसायला शिकतात. दुसरं म्हणजे मागच्या रविवारी मी ससा-कुत्र्याची गोष्ट इतिहास म्हणून सांगितली, ती चूक. आणि शेवटी, खेड्यात बसून शहराचा इतिहास सांगायचा हक्क तुम्हाला कोणी दिला.

आधी चुकीचं बोलतो. ससा-कुत्र्याचं तुमचं बरोबर आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या, शिकारीत तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात खड्ड्यातलं पाणी प्यायला अन् अंग बरं झालं, तिथंच अंचलेश्वराचं देऊळ, मग ससा उलटून कुत्र्याच्या मागं लागला आणि तो ज्या वाटेनं पळाला त्या वाटेवर परकोट बांधला, हे मी सगळं एका दमात सांगितलं आणि 'असं म्हणतात' हे दोन शब्द राहून गेले. ते राहायला नको होते. हीच सशाची गोष्ट अहमदाबादला सांगतात, विजयनगरलाही सांगतात, म्हणजे एका सशानं तीन राजधान्या आखल्या असं तर होऊ शकत नाही ना. शहर वसवणाऱ्या राजाला 'ही जमीन जोरदार आहे, इथं भित्रा प्राणीसुद्धा उलटून धावतो' असं म्हणायचं असलं की ही गोष्ट येते, अशी माझी समजूत आहे. १८६९ च्या चांदा सेटलमेंट रिपोर्टात मेजर ल्युसी स्मिथनं गोंड राजांची हकीकत लिहून काढली, म्हणजे इंग्रजांनी चांदा जिंकून पन्नास वर्षं झाल्यावर, आणि त्यातलं बरंचसं लोकांच्या तोंडून आलेलं. ती हकीकत मोलाची आहे पण तिला शिलालेखाच्या पंगतीत बसवता येत नाही. येत्या रविवारी सुरुवातीलाच ही दुरुस्ती सांगणार आहे, तुम्ही दाखवून दिली हेही सांगणार आहे.

पण गोष्ट सांगायचीच नाही, हे मात्र मला पटत नाही. अंचलेश्वर तिथं काहून आहे, झरपट काठी गाव काहून वसलं, याचं लोकांच्या मनातलं उत्तर त्या गोष्टीत आहे. फक्त कागदाची गोष्ट कोणती आणि तोंडाची कोणती, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे.

आता भाकरीवर येतो. भाऊ, तुम्ही परकोटाजवळ राहता. तुम्हाला वाटलं की चप्पल घालून निघता आलं. आम्ही चांद्याला कशासाठी येतो ते सांगतो. (१९६४ ला नाव चंद्रपूर झालं, पण आमच्या मूल तालुक्याकडच्या खेड्यात अजूनही म्हातारी माणसं चांद्यालेच जातात.) आम्ही दवाखान्यात येतो, कोर्टाच्या तारखेला येतो, पोरांच्या ॲडमिशनला येतो, सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला येतो, चैत्रात महाकालीच्या जत्रेला येतो. सकाळची बस, बसस्टँडवरून ऑटो, काम झालं नाही तर साहेब जेवून येईपर्यंत ओट्यावर बसायचं, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठं काढायची हा घोर. एवढ्यात कोण मान वर करून कमानीवरचं नक्षीकाम बघते?

माझी मोठीमाय सत्तरीच्या वरची आहे. चाळीस वर्षं ती चांद्याला जाते, आधी मोठेबाच्या दम्यासाठी, मग स्वतःच्या गुडघ्यासाठी. जटपुरा गेटमधून गोल बाजारात किती वेळा गेली असेल त्याची मोजदाद नाही. पहिल्या टूरला भाच्यानं मोबाईल काठीला बांधून कमानीच्या बाजूला वर नेला, हळूहळू, आणि दगडातला तो सिंह दिसला, खाली हत्ती, सिंह त्या हत्तीच्या वर. मोठीमाय ओसरीवर खाटेवर बसून बघत होती, मोबाईल तिच्या नाकाला लागेल इतका जवळ घेतला आणि म्हणाली, "हे हत्ती कवापासून आहे बाप्पा इथं? मी त रोज येत होती त्याच्या खालून." मी म्हटलं, तुझ्या आजीच्या आजीच्याही आधीपासून. ती गप्पच बसली. मग म्हणाली, थांबव, परत दाखव.

हे 'परत दाखव' गेटाखाली उभं राहून म्हणता येत नाही, भाऊ. मागून ऑटोवाला हॉर्न मारतो.

तिच्या बाजूला आमच्या गावातले गोंड समाजाचे एक आजोबा बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले, नातवाला घेऊन, आणि म्हणाले, तो सिंह आमच्या राजाचं निशाण, याले दाखव. तो पोरगा आठवीत आहे, ताडोब्याच्या वाघाचं सगळं त्याला तोंडपाठ आहे पण चांद्यात गोंड राजांनी राज्य केलं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या पोराला मी म्हणू, की जा, पायी फिर, तेव्हाच कळेल? त्याच्या बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार?

आणि हा फक्त मूल तालुक्याचा प्रश्न नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधी सिरोंचा, भामरागड, अहेरी सगळं चांदा जिल्ह्यातच होतं. तिकडच्या माणसाला चंद्रपूर म्हणजे जायला एक दिवस अन् यायला एक दिवस. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबूराव शेडमाके मोलमपल्लीचे, तिकडचेच, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलमध्ये त्यांना फाशी दिली, वय पंचविशीचं. जेलच्या आवारातल्या ज्या पिंपळावर फाशी दिली असं सांगतात त्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे, पण ते आजही चालू कारागृह आहे, तिथं तुम्हालाही मन होईल तेव्हा शिरता येत नाही, मलाही नाही. त्या रविवारी आम्ही टूर केलीच नाही, फक्त बोललो. जेलच्या भिंतीचा एक बाहेरचा फोटो लावला आणि दीड तास बोलणं चाललं. अहेरीकडून एक मास्तर जोडले गेले होते, त्यांचं नेटवर्क चार वेळा तुटलं, चारही वेळा ते परत आले. बाबूरावांच्या भागातला माणूस बाबूरावांवर बोलतो आणि चंद्रपूरचे लोक ऐकतात, हे रविवारच्या परकोट फेरीत कसं घडलं असतं ते सांगा.

एक ठिकाण तर असं आहे, की तिथं मोबाईल पायापेक्षा जास्त दाखवतो. लालपेठच्या त्या मोठमोठ्या दगडी मूर्ती, रायपा कोमटी या व्यापाऱ्याच्या नावानं सांगतात त्या, मंदिर झालंच नाही आणि मूर्ती उघड्यावर जमिनीवर आडव्या पडून राहिल्या. त्यातली दहा तोंडांची सगळ्यात मोठी, जिला लोक रावण म्हणत आले पण आहे ती दुर्गा, लांबी २५ फुटांच्या आसपास. तुम्ही तिच्या बाजूला उभे राहिले असाल, काय दिसलं? मला तरी पहिल्या वेळी एक पाय आणि दगडाचा मोठा उंचवटा एवढंच दिसलं होतं, पूर्ण बाई काही नजरेत मावली नाही. भाच्यानं लांब बांबूला मोबाईल बांधला आणि वरून धरला तेव्हा ती पहिल्यांदा पूर्ण दिसली, हात, तोंडं, सगळं. ग्रुपवर एकदम शांतता झाली, मग कोणीतरी लिहिलं, ही उभी राहिली असती तर देऊळ केवढं असतं. मी या जागेवर तीन वेळा गेलो आहे आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

तरी तुमचं एक म्हणणं मी पूर्ण मान्य करतो, मोबाईलवर अंदाज येत नाही. परकोटाचा घेर ११ किलोमीटरच्या घरात, पण स्क्रीनवर तो एखाद्या वाड्याच्या भिंतीसारखा दिसतो. दुसऱ्या टूरला एका ताईनं विचारलं, ही भिंत आमच्या गोठ्याएवढी असंल ना? तेव्हापासून आम्ही भाच्याला दर ठिकाणी भिंतीला टेकून उभा करतो, हात वर करून, म्हणजे माणसाच्या मापानं बघता येते. मेच्या उन्हात तो दगड कसा तापतो, इरई नदीला पूर आला की पठाणपुऱ्याकडं पाणी कसं चढते, त्याचा वास कसा येतो, हे काठीच्या टोकाला बांधलेला मोबाईल सांगू शकत नाही. ते तुम्ही सांगू शकता.

लोक घरी बसायला शिकतात म्हणता, ते मात्र आमच्याकडं उलटं झालं. मागच्या महिन्यात मोठीमायला तपासणीला नेलं, काम दुपारी एकला आटोपलं, दरवेळी ती लगेच बसस्टँड म्हणते, या वेळी म्हणाली, अंचलेश्वरले चाल, ते राणीनं बांधलं ते दाखव. राणी हिराईनं नवऱ्याची, गोंड राजा बीरशहाची समाधी बांधली त्यावर आम्ही एक अख्खा रविवार बोललो होतो, ते तिच्या लक्षात होतं. दुखऱ्या गुडघ्यानं ती त्या समाधीला फेरी मारून आली, भिंतीला हात लावून, मध्ये दोनदा बसली. मोबाईलवर आधी बघितलं नसतं तर ती समाधी आहे हेच तिला माहीत नसतं, मग पायी फिरायचं कुठून आलं.

हक्काचं विचारलं. भाऊ, हे जरा मनाला लागलं. चांदा कोणाच्या जोरावर उभं राहिलं? परकोटाचा दगड वाहणारी, तलाव खोदणारी, धान पिकवून सारा भरणारी माणसं खेड्यातलीच होती. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून चांदा घेतलं तेव्हा राज्य शहराचंच नाही गेलं, आमच्या गावाचंही गेलं. मोठ्या शहरांचं सांगायला लोक पुष्कळ आहेत, रस्त्यावरची फिरती चित्रं दाखवणारी ती गुगल मॅपची 'स्ट्रीट व्ह्यू' सोय २०२२ ला भारतात सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक, नगर होतं, विदर्भातलं एकही नव्हतं. आपलं आपण नाही दाखवलं तर कोण येणार आहे दाखवायला? यात शहरवाला-खेडेवाला असं नका करू.

आता कामाचं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी खिडक्यांची, म्हणजे परकोटातल्या लहान दरवाजांची टूर ठरली आहे. चार दरवाजे लोकांना पाठ झाले, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर, पण बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या बऱ्याच जणांना नावानंही माहीत नाहीत. भाचा त्या दिवशी परीक्षेसाठी नागपूरला राहील, म्हणून मोबाईल धरायला माणूस नाही. तुम्ही धराल का? तुमच्याएवढा परकोट आमच्यापैकी कोणाच्याच पायाखाली नाही. संध्याकाळी साडेपाचला सुरू करू, उजेड असतो तोवर. बोलायचं मी बोलतो, पण मी चुकलो की मध्येच थांबवा, सगळ्यांसमोर थांबवा, चालते. काठी आणि पॉवर बँक मी आधल्या दिवशी चंद्रपूरला येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवून देतो.

आणि मसण खिडकीपाशी पोचलात की त्या खिडकीत एक मिनिट उभे राहा. मोठीमायनं नाव ऐकल्यापासून विचारून ठेवलं आहे, की तिथून तिरडी खांद्यावर घेऊन माणसं सरळ निघत होती का वाकून निघावं लागत होतं. मला ते सांगता आलं नाही, मी त्या नजरेनं ती खिडकी कधी बघितलीच नव्हती.