वाद एप्रिलचा, मूल अडतं जूनमध्ये

पाचवी-आठवीच्या नापासांचं काय करायचं, यावर महाराष्ट्रात अजून वाद घातला जातोय. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा परत आणली: नापास झालं तर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, तीही जमली नाही तर पुन्हा तोच वर्ग. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांचं काम जवळून पाहताना मला यात एकच गोष्ट खटकते. नापास करा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोन्ही बाजू एप्रिलबद्दल, म्हणजे वर्षअखेरच्या परीक्षेबद्दल बोलतात; मूल अडलेलं असतं ते जूनमध्ये, वर्ष सुरू होतानाच.

इथे अमेरिकेत बऱ्याच शाळांत वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाचं वाचन तपासतात. त्या इयत्तेचा, आधी न पाहिलेला उतारा मूल एक मिनिट मोठ्याने वाचतं आणि बाई आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांवर काट मारत जातात. तीन सेकंद अडलं की शब्द सांगायचा आणि चूक धरायची. लगेच स्वतःहून सुधारलं तर धरायची नाही. मिनिटाला किती शब्द, यापेक्षा त्या खुणा मोलाच्या. मराठीत तर त्या फारच बोलक्या ठरतील. 'प्रश्न'चं 'परशन' करणारं मूल जोडाक्षरात अडलंय, 'दिवा'चं 'दवा' करणारं अजून वेलांटीशी झगडतंय. या दोघांना पुनर्परीक्षेसाठी तेच धडे परत शिकवून काय साधणार?

पुढे, तपासणीत मागे पडलेल्या तीन ते पाच मुलांचा गट, आठवड्याचे चार-पाच दिवस, रोज अर्धा तास, आणि जे अडलंय तेवढंच. दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मिनिटभर वाचन. सलग चार नोंदी अपेक्षेखाली आल्या की शिकवण्याची पद्धत बदलायची. हा अर्धा तास भाषेच्या नेहमीच्या तासातून कापला तर सगळी मेहनत वाया जाते, आणि इथे तसं होतंही. त्याहून वाईट म्हणजे 'गटात बसतोय ना, बघू पुढे' म्हणत अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी लांबवणं. असं चालणार नाही, हे २०११ मध्ये इथल्या केंद्रीय शिक्षण खात्याला राज्यांना लेखी कळवावं लागलं.

महाराष्ट्राला यातलं काही नवं नाही. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणातली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही पायरीवार तपासणी काही मिनिटांची आहे, आणि पातळीनुसार गट करून शिकवणं 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने जिल्हा परिषदेच्या शाळांतही करून दाखवलंय. घोडं अडतं वेळेपाशी: एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं. म्हणून पुनर्परीक्षेच्या नियमाशेजारी जूनची वाचन तपासणी आणि रोजचा राखीव अर्धा तास शासन निर्णयात लिहा, आणि त्या अर्ध्या तासात शिक्षकाला दुसरं कुठलंही काम लावू नका.