ड्युअल बूट आणि सोसायटीच्या पावत्या

घरात कॉम्प्युटर एकच, बाबांना सोसायटीचा हिशेब विंडोजवरच्या एक्सेलमध्येच लागतो आणि मला कामाला लिनक्स, म्हणून म्हटलं ड्युअल बूट करून टाकू, एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम, चालू करताना हवी ती निवडायची. म्हणजे डिस्कची वाटणी. आणि वाटणी म्हटली की भाऊबंदकी आलीच, खोल्या वेगळ्या झाल्या तरी अंगण सामाईक राहतं, इथे त्या अंगणाला ईएफआय पार्टिशन म्हणतात, म्हणजे दोन्ही सिस्टिम जिथून सुरू होतात तो डिस्कचा तुकडा, बऱ्याचदा जेमतेम १०० एमबीचं, आणि दार आधी कोणी उघडायचं याचे तंटे सगळे तिथेच.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायला एफ टू, एफ ट्वेल्व्ह का डिलीट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते सगळं बडवून झालं. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिमला सुरू होऊ न देणारा पहारेकरी, बंद केलं, लिनक्स बसलं. मग विंडोज लावलं तर निळा स्क्रीन, म्हणे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की टाका. ४८ आकडी! की ऑनलाइन अकाउंटला सापडली, बाबा मोबाइलवरून वाचून दाखवायला बसले. बाबांचे पाढे पक्के, त्यामुळे दोन-दोन आकडे जोडून, खणखणीत आवाजात, "एकोणसाठ, त्र्याहत्तर, एकोणऐंशी..."
"म्हणजे सिक्स्टी नाइन का?"
"एकोणसत्तर म्हटलं का मी?"
यानंतर जे काही झालं त्यात कॉम्प्युटरचा विषय नव्हता, माझ्या इंग्लिश मीडियमच्या फीचा होता.

पुढे ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम लावू विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत विंडोजच दिसेना, बाबांना वाटलं मी पुसलं. तर २०२१ च्या ग्रब २.०६ पासून शेजारी अजून कोण राहतंय हे बघणं सुरक्षेसाठी बंदच ठेवलेलं असतं. ते चालू करायला सेटिंगमध्ये 'डिसेबल' च्या पुढे 'फॉल्स' लिहायचं, म्हणजे "शोधू नकोस हे खरं नाही" असं सांगायचं, सरळ "शोध की बाबा" म्हणायची सोय नाही. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करूनही ते पूर्ण बंद होतच नाही, झोपेचं सोंग घेतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर एक फाइल सेव्ह होईल तर शपथ.

पण हे सगळं परवडलं, खरी मजा घड्याळाची. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच, विंडोज म्हणतं त्यात आपली भारताची वेळ आहे, लिनक्स म्हणतं ग्रिनिचची. फरक साडेपाच तासांचा. मी रात्री लिनक्स वापरून बंद केलं की सकाळी विंडोज साडेपाच तास मागे, आणि नेटवरून वेळ जुळवून घ्यायला त्याला काही घाई नसते.

आता आमचे बाबा सोसायटीचे खजिनदार, पहाटे पाचला उठून कामाला बसणारे. १ एप्रिलला उठले, पेटीत पडलेले उशिराचे चेक काढले आणि पावत्या छापल्या, तारखेच्या खान्यात 'टुडे' चा फॉर्म्युला, कॉम्प्युटरात वाजलेले रात्रीचे साडेअकरा, सगळ्या पावत्यांवर ३१ मार्च. थकबाकीवर व्याज लावता येतं, त्या व्याजासाठी बाबा वर्षभर टपून असतात, आणि इथे सगळे वेळेत भरलेले! वाटूनही झाल्या पावत्या. ऑडिटरला काय सांगू, लिनक्स सांगू का, असं बाबा दिवसभर विचारत होते.

मी लगेच टाइमडेटसीटीएलची, म्हणजे लिनक्सचं घड्याळ लावणाऱ्या प्रोग्रॅमची, एक कमांड मारून लिनक्सलाही भारताची वेळ धरायला लावली (त्याने असं करणं बरं नव्हे अशी लांबलचक ताकीद दिली, दिली तर दिली). संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका पावती हातात घेऊन हजर, त्यांचं व्याज दरवर्षी ठरलेलं. बाबा आत आहेत बघून हळूच म्हणाले, "काय रे, ते तुझं लिनक्स साडेपाच तासच मागे नेतं का, महिनाभर नाही नेता येत?"