चौथे पाणी

उष्ण हवेच्या समुद्रकिनाऱ्यावर मोटारहोम उभी करून चार दिवस राहावे, ही कल्पना माझी नव्हती, हे मी सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. अशा गाडीच्या छायाचित्रांत दार नेहमी उघडे असते, दारासमोर दोन खुर्च्या असतात, खुर्च्यांसमोर निळा समुद्र असतो आणि त्या खुर्च्यांवर कधीच कोणी बसलेले नसते. माणसे कुठे गेली असतील, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता.

गाडी ताब्यात देणाऱ्या तरुणाने वीस मिनिटांत सर्व यंत्रणा समजावून सांगितली. त्यातून माझ्या पदरात एवढेच पडले, की या घराच्या पोटात तीन टाक्या आहेत. पहिलीत वापरायचे स्वच्छ पाणी, दुसरीत न्हाणी आणि सिंकचे सांडपाणी, ज्याला ही मंडळी ‘ग्रे वॉटर’ म्हणतात, आणि तिसरीत ‘ब्लॅक वॉटर’, ज्याचा खुलासा त्याने केला नाही आणि आम्हीही मागितला नाही. चार भिंतींच्या घरात पाणी नळातून येते आणि मोरीतून जाते, आणि पुढे त्याचे काय होते ही दुसऱ्या कोणाची तरी डोकेदुखी असते. इथे मात्र येणारे पाणी मोजून येते आणि गेलेले पाणी कुठेच जात नाही. ते आपल्या पलंगाखाली आपल्याबरोबर प्रवास करत राहते.

पहिली संध्याकाळ गाडी समपातळीत आणण्यात गेली. मुलगा गाडीतल्या जमिनीवर पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा कुठे पळतो ते ओरडून सांगत होता आणि मी चाकांखाली फळ्या सरकवत होतो. एक बाजू फळीवर चढली, की दुसरी बाजू वाळूत रुतायची आणि बुडबुडा पुन्हा टोकाला जाऊन बसायचा. “अहो, एकदा झोपल्यावर काय कळणार आहे?” असे सौभाग्यवतींनी विचारले. आम्हाला कळले नसते हे मान्य, पण आमच्या फ्रीजला कळले असते. पुष्कळ मोटारहोममध्ये असतो तसा हा फ्रीज शोषणतत्त्वावर चालणारा होता. १९२२ साली स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी त्याची रचना केली. त्यात कॉम्प्रेसर नसतो; गॅसची ज्योत किंवा विजेची उष्णता अमोनियाला पाण्यापासून वेगळे करते आणि पुढचा सगळा प्रवास ती द्रव्ये आपापल्या वजनाने, उतार पाहून करतात. म्हणजे खाली जाळ लावून वर बर्फ मिळवण्याची ही किमया आहे, आणि गाडी कलली की त्या द्रव्यांची वाट चुकते व किमया संपते. रात्री चाके आणखी दोन बोटे रुतली. सकाळी दूध कोमट होते आणि बुडबुडा दिसेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा हिशेब सुरू झाला. घरातला शॉवर मिनिटाला सहज आठ-नऊ लिटर पाणी ओततो आणि आमची पहिली टाकी होती शंभर लिटरची; तेव्हा अंग ओले करावे, नळ बंद करावा, साबण लावावा आणि मग पुन्हा क्षणभर नळ सोडावा, अशी नौसैनिकी आंघोळ मी कुटुंबावर लादली. साबण डोळ्यांत गेलेल्या माणसाला शिस्त पटवून देणे अवघड असते, हे मला दाराबाहेर उभे राहून समजले. शिवाय समुद्रावरून येणारा प्रत्येक जण पायांबरोबर किनाऱ्याचा काही भाग घेऊन येत असे आणि ती वाळू धुताना पहिली टाकी रिकामी होई, दुसरी भरे आणि न्हाणीची जाळी तुंबे. पायाला टाल्कम पावडर चोळली, की कोरडी होऊन वाळू आपोआप गळून पडते, ही युक्ती शेजारच्या गाडीतल्या वयोवृद्ध गृहस्थांनी सांगितली. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या आणि चेहऱ्यावर कोणत्याही टाकीची चिंता दिसत नव्हती, त्यामुळे मी त्यांना मनोमन गुरू मानले.

तिसऱ्या टाकीची बातमी देणारा एक दिवा भिंतीवर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने टाकी दोन-तृतीयांश भरल्याचे जाहीर केले आणि घरात आणीबाणीचे वातावरण पसरले. कोण किती वेळा आत गेले, यावर नको तितकी उघड चर्चा झाली. शेवटी मी गुरूंकडे गेलो. टाकीच्या आतल्या भिंतीवर संवेदक असतात, त्यांच्यावर कागदाचा तुकडा चिकटला की टाकी रिकामी असली तरी ते भरल्याची ग्वाही देत राहतात, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मग खरी पातळी ओळखायची कशी? “टॉर्च घ्या आणि वरून आत बघा,” ते म्हणाले. ज्या माणसाला क्षितिजावरचा सूर्यास्त पाहायचा होता, तो त्या संध्याकाळी टॉर्च घेऊन कुठे पाहत होता, हे मी अधिक विस्ताराने लिहीत नाही.

दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात, हे आपण शाळेत घोकलेले असते. या दोन पाळ्यांच्या मध्ये वारा काही वेळ अगदी पडतो आणि नेमक्या त्याच वेळी साध्या मच्छरदाणीतूनही आरपार जाणाऱ्या बारीक वाळूमाश्या कामावर हजर होतात, ही माहिती पुस्तकात नव्हती. आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. एसी सुरू होता तोवर बरे होते. पण कोणीतरी त्याच वेळी पाण्याचा हीटर लावला आणि फ्यूजने राजीनामा दिला. तो कुठे आहे हे शोधेपर्यंत निदान हवा खेळती राहावी, म्हणून मी छतावरचा बारा व्होल्टचा पंखा चालू केला. हा पंखा आतली हवा बाहेर फेकतो. फेकलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा कुठून तरी यायला हवी, आणि सर्व खिडक्या बंद असताना ती कुठून येईल याचा विचार मी केला नव्हता. सौभाग्यवतींनी नेमक्या त्या क्षणी शौचालयातील पायपट्टी दाबली, टाकीचे झाकण उघडले आणि पंख्याला हवी ती वाट मिळाली. तिसऱ्या टाकीने चार श्वासांत संपूर्ण घराची पाहणी केली. आम्ही तिघेही बाहेर धावलो आणि वाळूमाश्यांनी आमचे मनापासून स्वागत केले.

आता वाचक विचारतील, की समुद्राचे काय झाले? समुद्र आपल्या वेळापत्रकाने चालला होता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि मी त्याहून उशिरा येत होतो, त्यामुळे मी पोहोचेपर्यंत प्रत्येक वेळी ओहोटी लागलेली असायची.

चौथ्या दिवशी निघताना टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी रांग होती. आधी ब्लॅकची झडप उघडायची, मग ग्रेची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते, हा गुरूंचा मंत्र मी पुटपुटत होतो. रबरी हातमोजे घालून मी नळी जोडली, दोनदा तपासली आणि झडप ओढली. ती जागा थोड्या उंचावर होती. मान वर केली तर समोर, झाडांची किंवा दुसऱ्या कुठल्याही गाडीची आडकाठी नसलेला, भर भरतीचा अखंड समुद्र होता. चार दिवसांत इतके सुंदर दृश्य मला दिसले नव्हते, पण नळी थरथरू लागली आणि मला पाठ फिरवावी लागली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. सौभाग्यवतींनी खिडकीतून फोटो काढला. त्यात समुद्र उत्तम आला आहे, आणि पाठमोऱ्या समुद्रापुढे दोन्ही हातांनी नळी आवळून मी उभा आहे.