ऑपरेशनमध्येच एमआरआय, म्हणून गाठ शंभर टक्के साफ? एका फॉरवर्डला उत्तर

पिट्युटरीच्या गाठींबद्दल एक संदेश सध्या गटागटांतून फिरतोय. मजकूर साधारण असा: "पिट्युटरीची गाठ म्हणजे मेंदूचा कॅन्सर. दिसली की लगेच काढा, औषधांत वेळ घालवू नका. पूर्वी कवटी उघडावी लागायची, आता ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय काढतात, म्हणून नाकातून काम होतं, गाठ शंभर टक्के निघते आणि परत येत नाही. हे मशीन नसेल तिथे ऑपरेशन करूच नका." लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की फारसं काही हाती उरत नाही.

"मेंदूचा कॅन्सर." पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली, वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या गाठी जवळपास सगळ्याच साध्या असतात. शरीरात इतरत्र पसरणारी गाठ अत्यंत दुर्मीळ. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यांना 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) म्हटलंय आणि रिपोर्टवर ते वाचून माणसं हादरतात. पण बदललंय ते नाव, गाठीचा स्वभाव नाही. त्रास होतो तो वेगळ्या वाटांनी. गाठ वर वाढली तर दृष्टीच्या नसा दाबते आणि दोन्ही बाजूंचं, कडेचं दिसणं जातं. समोरचं वाचता येतं, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटत राहतो. किंवा गाठ एखादं हार्मोन भरमसाट सोडते आणि अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो.

"लगेच काढा, औषधांत वेळ घालवू नका." संदेशातलं सर्वांत घातक वाक्य हेच. प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) सोडणाऱ्या गाठींवर बहुतेकदा पहिला उपचार गोळ्यांचाच असतो. कॅबरगोलीन आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची असते, आणि पुष्कळ रुग्णांत मोठी गाठसुद्धा तिने आक्रसते. शिवाय शवविच्छेदनांच्या अभ्यासांत साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत छोटी गाठ सापडलेली आहे. त्या माणसांना हयातीत तिचा पत्ताही नव्हता. १० मिलिमीटरहून लहान, हार्मोन न सोडणारी आणि नजरेला धक्का न लावणारी गाठ असेल तर तिच्यावर सहसा नुसतं लक्ष ठेवायचं असतं. घाई करायची ती अचानक भयंकर डोकं दुखून नजर गेली तर. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो, तेव्हा तडक रुग्णालय गाठायचं.

"मशीन आलं म्हणून नाकातून ऑपरेशन." इतिहास नेमका उलटा आहे. सर्जन हर्मन श्लोफर यांनी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला नाकाच्या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली ती १९०७ मध्ये. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी ती वाट बरीच वर्षं वापरली, मग सोडली. नॉर्मन डॉट यांनी एडिंबरोत ती जिवंत ठेवली, त्यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार ग्युओ यांच्याकडे गेली. ऑपरेशन चालू असताना हत्यार कुठे पोचलंय हे ग्युओ क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत. ऑपरेशनच्या टेबलावरच्या एमआरआयची सुरुवात बोस्टनमध्ये झाली ती १९९४ ला. म्हणजे नाकाची वाट मशीनहून सत्त्याऐंशी वर्षांनी थोरली.

आता "शंभर टक्के". इथे जरा थांबू, कारण मशीनचा उपयोग खराच आहे. गाठ खालून खरवडत गेलं की तिच्यावरचा पातळ पडदा हवा गेलेल्या फुग्यासारखा खाली लोंबतो आणि त्याच्या घडीआड गाठीचा एखादा तुकडा दडून राहतो. सर्जनला वाटतं, झालं. तेवढ्यात एमआरआय काढला तर तो तुकडा दिसतो आणि जखम बंद करण्याआधी परत आत जाता येतं. पण दिसणं वेगळं आणि काढता येणं वेगळं. गाठ बाजूच्या शिरांच्या पोकळीत घुसली असेल तर तिथे मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी असते, डोळे हलवणाऱ्या नसा असतात. तिथला तुकडा पडद्यावर लख्ख दिसत असतानाही शहाणा सर्जन अनेकदा तो सोडून देतो. ताजं रक्त आणि साचलेलं पाणी चित्रात गाठीसारखं भासू शकतं, ते निराळंच. कुशिंगच्या आजारातली (ज्यात पिट्युटरीच्या गाठीमुळे अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं) गाठ तर कधीकधी इतकी बारीक असते की ऑपरेशनच्या आधी निवांत काढलेल्या एमआरआयवरही सापडत नाही.

हार्मोन सोडणारी गाठ गेली की नाही, हे शेवटी रक्त सांगतं. कुशिंगच्या आजारात ऑपरेशननंतर सकाळचं कॉर्टिसॉल तळाला गेलं तर डॉक्टर खूश होतात. चित्र स्वच्छ आणि कॉर्टिसॉल चढंच, असं असेल तर गाठ आत आहे. आणि पूर्ण निघालेली गाठही वर्षांनी परत येऊ शकते, म्हणून तपासण्या चालू ठेवतात.

या मशीनच्या बाजूने २०११ ची एक चाचणी नेहमी पुढे केली जाते: एमआरआय वापरलेल्या गटात ९६ टक्के रुग्णांत गाठ पूर्ण निघाली, न वापरलेल्यात ६८ टक्के. चाचणी चांगली आहे, पण ती ग्लायोमाची, म्हणजे मेंदूच्या आतल्या गाठींची. तिथे कवटी उघडल्यावर मेंदू जागचा सरकतो आणि आधीचं चित्र शिळं होतं. पिट्युटरीभोवतीचं हाड सरकत नाही. तो आकडा इथे चिकटवणं म्हणजे आजार एकाचा, औषध दुसऱ्याला.

"मशीन नसेल तर करूच नका." एमआरआयच्या जबरदस्त चुंबकाजवळ जाण्याआधी लोखंडाची प्रत्येक वस्तू मोजून बाजूला ठेवावी लागते, कारण विसरलेली कात्री तिथे उडते. भुलीचा वेळ वाढतो. प्रत्येक रुग्णासाठी हा खटाटोप करण्याइतका फायदा असतोच असं नाही. नाकातून आत घालायची, तिरपं बघणारी दुर्बीण (एंडोस्कोप) कोपऱ्यामागचं पुष्कळ काही दाखवते. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या १९९७ च्या पाहणीत ज्यांच्या हातून पिट्युटरीच्या, नाकातून केलेल्या ५०० हून जास्त शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्यांच्याकडे गुंतागुंती कमी आढळल्या. तेव्हा मशीनची चौकशी करण्याआधी विचारा: वर्षाला अशा किती करता? हार्मोनतज्ज्ञ सोबत आहेत का? आणि घरी गेल्यावर आठवड्याच्या आसपास सोडियम तपासायला कधी यायचं? ऑपरेशन उत्तम झालेल्या माणसाचंही सोडियम त्या दिवसांत घसरू शकतं. मळमळ, डोकेदुखी, गुंगी सुरू होते आणि घरच्यांना वाटतं, अशक्तपणा असेल.