मांजरपाटाची माया

गोव्याची थंडी बाहेरच्या माणसाला पटवून देणं कठीण. डिसेंबरात पहाटे पारा २० अंशांवर आला की कानटोप्या निघतात, पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, मफलर गुंडाळून भोंपू वाजवतो आणि दुपारी तोच पारा ३२ वर चढून सगळ्यांचं हसं करतो. तरी शिवणकामाला हाच मोसम बरा, असं आम्ही मानत आलो. मग अरबी समुद्रात काहीतरी घोंगावतं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ गोव्याला न शिवता बाजूनं गेलं, तरी किनाऱ्यावरच्या शॅकांत पाणी शिरलं. आता ऐन हिवाळ्यात ढग दिसले की बागायतदार आंब्याच्या मोहोराकडे बघतो. मी दोरीवरच्या मांजरपाटाकडे, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाकडे बघते.

पैठणीचा ब्लाऊजपीस एकच असतो, म्हणून तिला कात्री लावण्याआधी स्वस्त कापडात कच्चा ब्लाऊज शिवून बघायचा. त्याचं काम एकच, खरं बोलणं. नाताळ, लग्नं आणि जत्रा एकमेकांच्या पाठीला लागून येतात, शिंपी हात वर करतात, आणि हे सत्यशोधन नेमकं दमट आठवड्यात घरीच करावं लागतं.

कापड मूळ कापडाच्या वजनाचं हवं. कुर्त्याला मांजरपाट चालतो. अस्तर लावलेल्या रेशमी ब्लाऊजसाठी टू बाय टू रुबिया हे ब्लाऊजचं सुती कापड बरं. जुनी चादर घेऊ नका. ती मधोमध झिजून ढिली पडलेली असते आणि वयोमानाप्रमाणे सगळ्यालाच हो म्हणते. एक मीटर घ्या, रात्रभर भिजवा. पाण्यात सूत फुगतं, फुगलेल्या उभ्या सुताला वळसा घालायला आडव्या सुताला जास्त लांबी लागते, म्हणून कापड आखडतं. हे आखडणं कात्रीआधी झालेलं बरं. एरवी दोन तासांत वाळणारा मांजरपाट पावसाळी डिसेंबरात दोन दिवस घेतो आणि कुबट वासासकट परत येतो. घाईनं इस्त्री फिरवून वाळवलात तर कापड तेवढ्यापुरतं कोरडं होतं. हवेतला ओलावा पिऊन पुन्हा सैलावतं. इस्त्री करा, पण नंतर तासभर तसंच पसरून ठेवा आणि मगच उभा धागा किनारीला समांतर लावून कापा.

ज्यावर मापं आखून बेततो तो कागदही सरळ वागत नाही. दमट हवेत तो फुगतो, तेही लांबीपेक्षा रुंदीत जास्त. खाकी कागदाची गुंडाळी आदल्या रात्री उलगडून त्याच खोलीत ठेवावी, म्हणजे कागद आणि कापड निदान एकाच हवेत बिघडतील. काटकसर म्हणून वर्तमानपत्रावर बेतलंत तर ओलसर कापडावर शाई उमटते. छातीवर खाणबंदीची आणि पाठीवर म्हादई नदीच्या पाणीतंट्याची बातमी घेऊन आरशासमोर उभं राहायची तयारी असेल तर हरकत नाही. शिंप्याचा खडू दमट कापडावर उमटत नाही, आणि मेणाचा खडू इस्त्रीखाली विरघळून तेलकट डाग ठेवतो. साधी शिसपेन्सिल घ्या. पुढच्या-मागच्या मध्यावर उभी रेघ, छातीच्या उंचीला आडवी रेघ. या दोन रेघा नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, आणि ज्यानं हे नाव ठेवलं त्याला शिवणही कळत होतं आणि माणसंही. कच्च्या ब्लाऊजला कुशीत, म्हणजे बाजूच्या शिवणीत, एक इंच आणि तीऱ्याला, म्हणजे खांद्याच्या शिवणीला, पाऊण इंच माया ठेवा. गळ्याला मात्र माया नको. तो अर्धा इंच उंचच कापा आणि कडेनं लगेच एक टीप मारा, कारण गळ्याचं कापड तिरकं असतं आणि ओलसर हवेत हात लागला तरी ताणतं. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतो त्या घेराच्या, मायेला दर अर्ध्या इंचावर कात्रीचे काप द्या. ते विसरलात तर मुंढा उगाच घट्ट भासतो.

टीप मशीनवर जाईल तेवढी लांब ठेवा, टोकाला उलटी टीप नको, वरच्या दोऱ्याचा ताण ढिला. हे सगळं उसवायचंच आहे. सुई १४ नंबरची, आणि नवी. खारट दमट हवेत आठवडाभर मशीनला लागलेली सुई गंजते आणि धागे ओढते. टाचण्यांचंही तेच, तांबूस झालेली टाचणी कच्च्या ब्लाऊजला चालेल, पैठणीजवळ आणू नका. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा ओलाव्यानं सैल होतो, मग चाक फिरतं आणि सुई ढिम्म. पट्टा कापून तोकडा करायचा मोह होतो. एवढा एक आठवडा आवरा. जमिनीवरचं कोरडं वारं सुटलं की कापलेला पट्टा आखडतो आणि पायडल मारताना घाट चढल्यासारखं वाटतं.

मग येतो घालून बघण्याचा सोहळा, आणि खरी फितुरी इथं होते. नियम असा की सुरकुती दोषाकडे बोट दाखवते. छातीकडून मुंढ्याकडे ओढ दिसली तर पुढं कापड कमी. आडवी रेघ समोर वर उचलली तर पुढची उंची कमी. मानेखाली मागं आडवी वळी पडली तर खांदे सरळ आहेत, तीऱ्याचं बाहेरचं टोक पाव इंच उचला. पुस्तकात हे शोभतं. पण सकाळी सहाला, ब्लाऊज घालणारी थंडीनं खांदे कानापाशी नेऊन उभी असते, तेव्हा गोव्यातल्या प्रत्येक बाईचे खांदे सरळ असतात. "वहिनी, खांदे खाली सोडा" म्हटलं की ते चार सेकंद खाली राहतात. म्हणून फिटिंग दहानंतरच करावं.

दहानंतर घाम. कापड पाठीला चिकटतं आणि मानेखाली तश्शीच आडवी वळी पडते. पंखा लावावा तर कुर्त्याचा घेर हलतो, बंद करावा तर माणूस भिजतं. काखेत कापड चिकटून हात उचलेनासा झाला की सगळ्यांचा एकच सल्ला: मुंढा खोल करा. करू नका. मुंढा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा; खाली उतरवलात की हातासोबत अख्खा ब्लाऊज वर येतो. त्याऐवजी कच्चा ब्लाऊज काढा, अंग कोरडं पुसा, काखेत आणि पाठीवर टाल्कम पावडर मारा, पंखा तीन मिनिटं बंद ठेवून पुन्हा घाला. वळी गेली तर दोष घामाचा, राहिली तर कागदाचा. एवढ्या एका पावडरीनं कित्येक मुंढे वाचतील.

ब्लाऊज घालणारीनं टाचण्या स्वतः लावू नयेत. खाली वाकून बघितलं की पाठीची उंची बदलते. दुसरं माणूस नसेल तर मोबाइल स्टुलावर ठेवून पुढून, बाजूनं, मागून फोटो काढा. डावी-उजवी वेगळी तपासा. एक खांदा बहुतेकांचा उतरलेलाच असतो. टक्सचं, म्हणजे फुगवट्यासाठी शिवलेल्या चुणीचं, टोक छातीच्या बिंदूपासून इंचभर अलीकडे थांबवा, नाहीतर तिथं शिंग फुटतं.

जिथं टाचणी आत-बाहेर गेली तिथं दोन्ही बाजूंनी पेन्सिलीची खूण, मग उसवा, दाबून इस्त्री करा, बदल कागदावर उतरवा. कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि हवा लिहा: "ढगाळ, पावडर लावून". ऊन पडल्यावर पुन्हा घालून बघा. पाव इंचाच्या आतला फरक सोडून द्या. तेवढा तर जेवणाआधी आणि जेवणानंतर पडतो.

कागद घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि आत डांबरगोळी टाका. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात मापात जी कसर निघेल, ती सहा पायांची असेल.