चौदा पोट्टे आणि एक बाबा

बालवाडीच्या ग्रुपवर निरोप आला : 'या आठवड्याचा विषय, माझी ताकद. शनिवारी एका पालकाने खेळायला यावे.' बायको म्हणाली, "तुम्हीच जा. घरात भरलेलं सिलिंडर मीच सरकवते, थोडी प्रॅक्टिस तुम्हालाही होऊ द्या."

वर्गात ताकदीची तपासणी जोरात सुरू होती. एक पोट्टी पाच लिटरची पाण्याची कॅन पोटाशी कवटाळून बदकासारखी चालत होती. दोघं कणकेच्या गोळ्यावर तुटून पडले होते. एक पोट्टा लालबुंद होऊन भिंत ढकलत होता. "मॅडम, सरकून राहिली!" तो ओरडला. मॅडमनी भिंतीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हो रे, थोडीशी." मग माझ्याकडे वळून समजावलं, या वयात ढकलणं, ओढणं, उचलणं यातूनच पोरांना कुठं किती जोर लावायचा ते उमगतं. खांदे-दंड पक्के झाले की पेन्सिलही नीट धरता येते. मी मान डोलावली. मला आयुष्यात पेन्सिलच तेवढी धरता आली आहे.

मग जुन्या लुगड्याला पीळ देऊन दोर केला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चौदा जण. "हळूच ओढीन हं," मी त्यांना धीर दिला.

हिशोब मला तिसऱ्या सेकंदाला सुचला. एकेक पोर 16 किलोचं धरा, चौदांचे झाले 224. मी 78. त्यात रस्सीखेच हाताइतकीच पायाच्या पकडीवर चालते. ती सगळी अनवाणी. मी बूट बाहेर काढलेला, पायात नायलॉनचे मोजे, खाली गुळगुळीत टाइल्स. "हइश्शा!" झालं आणि पाय न उचलता मी निघालो, नागपूरच्या बर्डीहून सुटलेल्या मेट्रोसारखा, धक्का न लागता. धक्का शेवटच्या स्टेशनला लागला.

वर्ग क्षणभर चिडीचूप. मग पलीकडच्या टोळीतून ओळखीचा आवाज आला, "पडला बे बैल!" तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा सण, आठवड्यावर होता, त्यामुळे माझ्या पोराच्या डोक्यात बैलच. पण टोळी बदलल्याबद्दल त्याला माफी नाही.

घरी पाठीला मलम लावून पलंगावर पालथा पडलो. नेमकी पोराची लाकडी नंदीची जोडी माझ्या पोटाखाली अडकली होती. त्यानं दोन्ही तळहात माझ्या कमरेला टेकवले, पाय रोवले, लाल झाला.

"आई, सरकून राहिला!"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "हो रे, थोडासा."